अकरा विरुद्ध सात : यलोनाइफच्या विधानसभेत मंत्र्याला खर्चाचा जाब विचारतात तेव्हा

उत्तरायण (धागाकर्ता)

गेल्या मंगळवारी ऑफिसातलं हीटिंग बंद पडलं. बाहेर उणे चौतीस. साहेबांनी दुपारीच सोडलं. घरी जाऊन पुन्हा लॅपटॉपच उघडणार, म्हणून फ्रेम लेकच्या काठाने चालत विधानसभेत जाऊन बसलो. तिकीट नाही, आत ऊब, दीडला कामकाज सुरू. यलोनाइफमध्ये सहा वर्षं काढली, पण प्रेक्षक सज्जात बसायची ही पहिलीच वेळ.

ज्यांना हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉर्थवेस्ट टेरिटरीज म्हणजे कॅनडाच्या उत्तरेतला एक प्रदेश, आणि यलोनाइफ ही त्याची राजधानी. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त, आणि २०२१ च्या जनगणनेत माणसं किती? ४१,०७०. आपल्याकडच्या मध्यम नगरपालिकेएवढी. तेहतीस गावं, त्यातल्या बऱ्याच गावांना बारमाही रस्ता नाही. अधिकृत भाषा अकरा. सज्जातल्या खुर्चीवर कानाला लावायचं यंत्र मिळतं, दुभाषे काचेमागे बसलेले असतात.

विधानसभेत आमदार १९, आणि पक्ष एकही नाही. निवडून आलेले १९ जण एकत्र बसतात, गुप्त मतदानाने आपल्यातूनच एक सभापती, एक प्रीमियर म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, आणि सहा मंत्री निवडतात. कुणाला कोणतं खातं हे मात्र प्रीमियर ठरवतो. उरले अकरा. त्यांना 'साधे सदस्य' म्हणतात आणि प्रश्न विचारणं हे त्यांचं काम. म्हणजे सरकार पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अल्पमतात. अकरा विरुद्ध सात.

प्रश्नोत्तराचा तास साठ मिनिटांचा. एक मूळ प्रश्न, त्यावर तीन पुरवणी प्रश्न. मंत्री उभा राहतो, हातात बोटभर जाडीची फाइल, तिला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. प्रश्न ऐकता ऐकता अंगठा चिठ्ठी शोधत असतो. सापडली तर आकडा मिळतो, नाही सापडली तर 'माहिती घेऊन सदस्यांना कळवतो'. आणि तिसरं उत्तर म्हणजे 'विद्यमान तरतुदीतूनच भागवावं लागेल'. हे मी मोजलं. तासाभरात नऊ वेळा.

आता माझा प्रश्न. अकरा जण मनात आणतील तर या सातांना घरी पाठवू शकतात. मग मंत्री इतक्या थंडपणे कसा उभा राहतो? सभागृहात तरी हीटिंग चालू होतं.

सदाशिवपेठी

पक्ष नाहीत मग भांडतात कशावरून? व्हीप नाही, घोषणा नाहीत, हौद्यात उतरणं नाही. याला अधिवेशन म्हणायचं की सोसायटीची वार्षिक सभा?

उत्तरायण

सोसायटीपेक्षा ग्रामपंचायत म्हणा. आपल्याकडे ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवत नाहीत आणि थेट सरपंच यायच्या आधी सदस्यच आपल्यातून सरपंच निवडायचे. तसंच हे. फरक एवढाच की या ग्रामपंचायतीच्या हाती इस्पितळं, शाळा, तुरुंग, महामार्ग आणि विमानतळ आहेत.

भांडतात आपापल्या गावावरून. आरोग्य केंद्रात नर्स कधी येणार, बर्फावरचा हिवाळी रस्ता यंदा किती दिवस उघडा राहिला, सरकारी घरांची डागडुजी कुठे अडली, डिझेलचा साठा पुरेल का. राष्ट्रीय धोरण वगैरे फारसं नाही.

हिशेबनीस

लेखापरीक्षणात एकतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे राहवत नाही. प्रश्नोत्तराच्या तासात खर्चाची चौकशी कुठेच होत नसते, उत्तरायणराव. नागपुरात हिवाळी अधिवेशनात आम्ही खात्याच्या अधिकाऱ्यांना रात्रभर तारांकित प्रश्नांची उत्तरं तयार करताना पाहिलंय. तो सगळा देखावा. खरी चौकशी मागण्यांवर होते, पुरवणी मागण्यांवर होते आणि त्यानंतर लोकलेखा समितीत. तुमच्याकडे अर्थसंकल्पावर मागणीनिहाय चर्चा होते का? कपात सूचना देता येते का? आणि महत्त्वाचं, हिशेब तपासतो कोण?

उत्तरायण

काका, तुम्ही बरोबर नस पकडलीत. प्रश्नोत्तरं संपल्यावर मी उठणारच होतो, पण सगळं सभागृहच 'समिती' झालं. सभापती खुर्चीवरून उतरले, राजदंड खाली ठेवला. (राजदंड उचलला की आत खडे खळखळतात. गावागावांतून आणलेले खडे आहेत ते. मला फार आवडलं.) मग मंत्री आपल्या जागेवरून उठून मधल्या टेबलाशी येऊन बसतो, शेजारी खात्याचे सचिव आणि वित्त अधिकारी. आणि अर्थसंकल्प पानापानाने वाचला जातो. अक्षरशः पानापानाने. अध्यक्ष पान क्रमांक पुकारतात, कुणाला काही विचारायचं आहे का, नसेल तर पुढचं पान. प्रत्येक सदस्याला दहा मिनिटं. मंत्र्याला उत्तर येत नसेल तर तो सचिवाकडे बोलणं सोपवतो आणि सचिव माइक ओढून घेतो. आपल्याकडे सचिव मागच्या गॅलरीतून चिठ्ठ्या पाठवतो, इथे तो टेबलावरच असतो.

कपात करता येते, वाढ करता येत नाही. एखादी रक्कम वगळा असा ठराव साधा सदस्य आणू शकतो, पण 'इथे पन्नास लाख वाढवा' असं म्हणू शकत नाही. पैसे वाढवण्याची शिफारस सरकारकडूनच यावी लागते. त्यामुळे अकरा जणांकडे एकच हत्यार उरतं, ते म्हणजे अडवून धरणं. मग वाटाघाटी होतात आणि सरकार थोडं वाकतं.

हिशेब तपासतो कॅनडाचा महालेखापाल, म्हणजे ओटावाचा, देशाच्या राजधानीतला, केंद्राचा माणूस. टेरिटरीचा स्वतःचा महालेखापाल नाही. लोकलेखा समिती मात्र इथली आहे.

टोरंटोतली_माई

एक विचारू का, रागावू नका. पैसे मुळात आमचेच ना? ऑन्टारियोत आम्ही डॉक्टर मिळेपर्यंत महिनोन् महिने थांबतो, आणि तिकडे माणशी किती जातात ते ऐकलं की डोळे पांढरे होतात.

उत्तरायण

माई, रागावत नाही. आकडा सांगूनच टाकतो. केंद्राकडून दरवर्षी जे अनुदान येतं ते दीडशे कोटी डॉलरच्या वर आहे. एकेचाळीस हजार माणसांनी भागलं तर माणशी चाळीस हजार डॉलरच्या घरात. टेरिटरीच्या महसुलाचा सर्वांत मोठा हिस्सा हाच.

पण हे पैसे खिरापत म्हणून येत नाहीत, एका सूत्राने येतात. ढोबळमानाने असं की इथे इतर कॅनडासारख्या सेवा द्यायच्या तर किती खर्च येईल याचा एक पाया धरलेला असतो, त्यातून इथल्या करांची क्षमता वजा केली जाते, आणि मधली दरी केंद्र भरतं. पाया दरवर्षी वाढतो तो देशातल्या इतर प्रांतांच्या खर्चाप्रमाणे आणि इथल्या लोकसंख्येप्रमाणे. म्हणजे यलोनाइफमधून चार कुटुंबं कॅल्गरीला गेली की अर्थखात्याच्या पोटात गोळा येतो. माणूस गेला की त्याच्या मागे चाळीस हजारही गेले.

आणि खर्च का होतो ते एका उदाहरणाने. डिझेलवर वीज करणारं गाव घ्या. डिझेल उन्हाळ्यात मॅकेन्झी नदीतून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेने जातं. २०२३ आणि २०२४ मध्ये नदीचं पाणी इतकं उतरलं की बार्ज पोचणं अवघड झालं. मग माल विमानाने. एखाद्या बाईला बाळंतपणात अडचण आली तर विमान. दात दुखला तरी बऱ्याचदा विमान. तुमच्याकडे ॲम्ब्युलन्सचं जे बिल होतं, ते इथे पायलटसकट होतं.

टोरंटोतली_माई

बरं. विमानाचं पटलं. पण मग मंत्री उत्तर कुणाला देतो? ज्यांचे पैसे आहेत त्यांना की ज्यांच्यावर खर्च होतात त्यांना?

म्हापशेकार

माईंनी अगदी आमच्या लहानपणीचा प्रश्न विचारला! गोवा १९६१ ते १९८७ केंद्रशासित होता. आमच्याकडे तीस आमदारांची विधानसभा होती, मुख्यमंत्री होते, मंत्री होते, तरी वर नायब राज्यपाल आणि त्यांच्या वर दिल्ली. वडील सरकारी नोकरीत. ते म्हणायचे, फाइल पणजीत लिहायची आणि दिल्लीत वाचायची. ३० मे १९८७ ला राज्य झालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते.

तुमच्या टेरिटरीला राज्य, म्हणजे प्रांत, व्हायचंय का?

उत्तरायण

साम्य आहे, म्हापशेकार. कॅनडात प्रांतांना अधिकार संविधानातून मिळतात आणि टेरिटरीला ओटावाच्या कायद्यातून. टेरिटरीने कर्ज किती काढायचं तेही ओटावा ठरवतं. २०२० मध्ये ती मर्यादा १३० कोटींवरून १८० कोटी डॉलर केली. कल्पना करा, अर्थमंत्र्यांना आपल्याच कर्जाची कमाल रेषा दुसऱ्याच्या हातात दिसतेय आणि प्रश्न मात्र घरच्यांचे येतायत.

एक मोठा बदल १ एप्रिल २०१४ ला झाला. जमीन आणि खनिजांचा कारभार ओटावाकडून यलोनाइफकडे आला. शेजारच्या युकॉनला तो २००३ मध्येच मिळाला होता. पण खनिजाचं उत्पन्न सगळं ठेवता येत नाही. निम्मंच, आणि त्यालाही वरून झाकण. त्या निम्म्यातलाही वाटा करारात सामील आदिवासी सरकारांना जातो. प्रांत व्हायची भाषा कुणी फारशी करत नाही. सूत्राचं अनुदान सोडून कोण जाईल?

बोरिवली_स्लो

खनिज म्हणजे हिरेच ना? मी बीकेसीत हिऱ्यांच्या ऑफिसात हिशेब बघतो. कॅनडाचा कच्चा माल अँटवर्पहून सुरतेला येतो, पैलू पडून आमच्या टेबलावर. पाकिटावर 'कॅनेडियन ओरिजिन' असलं की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतो. पण आता त्या खाणी संपत आल्यात असं ऐकतो.

उत्तरायण

खरंय. एकाटी १९९८ ला सुरू झाली, डायविक २००३ ला, गाहचो कुए २०१६ ला. डायविकचं उत्पादन २०२६ मध्ये थांबवायचं असं कंपनीने आधीच ठरवलेलं. तुम्ही जे पाकीट उघडता त्याच्या दुसऱ्या टोकाला इथलं एखादं कुटुंब असतं. नवरा दोन आठवडे खाणीवर, दोन आठवडे घरी. खाण बंद झाली की ते घर विकायला निघतं, आणि मग वर सांगितलेलं चाळीस हजारांचं गणित सुरू होतं. सभागृहात हा विषय निघाला की मात्र त्या फाइलला चिठ्ठी नसते. भविष्याला कुठली चिठ्ठी लावणार?

हिशेबनीस

एखादं प्रकरण सांगा हो, जिथे मंत्र्यांना खरोखर घाम फुटला. तत्त्वं पुरे झाली.

उत्तरायण

डेह चो पूल. मी तेव्हा इथे नव्हतो, पण आजही कुणाला चहा पाजला की तो पुलाबद्दल बोलतो.

यलोनाइफला दक्षिणेकडून येणारा रस्ता फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ मॅकेन्झी नदी ओलांडतो. पूर्वी उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या. पण मधले काही आठवडे, बर्फ धरताना आणि विरघळताना, ना फेरी ना बर्फ. तेव्हा भाजीपाला, दूध, अंडी हेलिकॉप्टरला टांगून नदीपार आणायचे. जुने लोक सांगतात, त्या दिवसांत कोथिंबिरीची जुडी म्हणजे लग्नातला आहेर.

पूल हवा यावर वाद नव्हता, वाद होता तो कसा बांधायचा यावर. स्थानिक समाजाच्या कंपनीने कर्ज उभारायचं, टोल घ्यायचा, सरकारने ठरलेली रक्कम भरायची, अशी योजना. काम मध्येच रखडलं आणि २०१० मध्ये सरकारने पूल कर्जासकट अंगावर घेतला. ते कर्ज लगेच त्या ओटावाच्या मर्यादेत मोजलं गेलं. म्हणजे पुलामुळे शाळांसाठी कर्ज काढायची जागा कमी झाली. मग महालेखापालांनी २०११ मध्ये प्रकल्पाचा अहवालच दिला. ३० नोव्हेंबर २०१२ ला पूल खुला झाला, एक किलोमीटरहून थोडा जास्त लांब, खर्च वीस कोटी डॉलरच्या वर. टोल फक्त मालट्रकना, तोही उत्तरेकडे येणाऱ्यांना. रिकामा ट्रक परत जाताना फुकट.

सदाशिवपेठी

परतीचा टोल नाही??? इंजिनियर आपला नसणार.

शंकेखोर

सगळं वाचलं. मला हे 'अकरा विरुद्ध सात' पटलेलं नाही. गणित करा. सभापती मत देत नाही, बरोबरी झाली तरच देतो. म्हणजे मतं अठरा. मंत्रिमंडळाचे सात जण नेहमी एकगठ्ठा देतात, आत काय भांडायचं ते भांडून. त्यांना हवेत फक्त तीन. सात अधिक तीन दहा, समोर आठ. आणि अकरा जणांत प्रत्येकजण आपल्या गावाचा, एकमेकांचे कुणी नाहीत. तीन जणांना गाठायला काय लागतं? एकाला रस्त्याचा तुकडा, एकाला शाळेची दुरुस्ती, एकाला वृद्धाश्रमाची खाट. विरोधी पक्षच नाही, मग पर्यायी अर्थसंकल्प मांडणार कोण? तुमचा मंत्री थंड उभा राहतो कारण त्याला तिघांची नावं पाठ असतात.

उत्तरायण

शंकेखोर, हा मुद्दा मला सज्जात बसून सुचला नव्हता. आकडे अगदी बरोबर आहेत.

एवढंच घालतो की अकरा जण नेहमीच विस्कळित नसतात. ऑगस्ट २०२० मध्ये सभागृहाने एका मंत्र्याला, कॅटरिना नॉकलबी यांना, मतदान करून मंत्रिमंडळातून काढलं होतं. कारण खर्चाचं नव्हतं, पण काढता येतं हे दिसलं.

दुसरं, आणि हे मला एका सहकाऱ्याने नंतर सांगितलं. अर्थसंकल्प सभागृहात यायच्या आधी त्याचा मसुदा साध्या सदस्यांच्या समित्यांना दाखवतात. बंद दाराआड. तिथे प्रश्न विचारले जातात, तिथे आवाज चढतात, तिथे काही रकमा बदलतात. आपण सज्जातून बघतो तो दुसरा अंक. सदस्याला उत्तर आधीच माहीत असतं, तरी तो विचारतो, कारण ते गावाला ऐकवायचं असतं, रेडिओवरून, आपल्या भाषेत. मंत्र्यालाही ठाऊक असतं की याला ठाऊक आहे. तो थंडपणा मला आता कळला.

मला हे पूर्ण वाईट वाटत नाही, हेही सांगतो. पण आतल्या खोलीत काय सुटलं आणि काय दिलं, हे टंकलिखित कुठे सापडत नाही. बाहेरचं मात्र शब्दन् शब्द संकेतस्थळावर असतं.

बर्फाळ_बाई

मी इकालुइतला होते चार वर्षं, नुनावूतमध्ये. तिथेही पक्ष नाहीत. आमदार बावीस, बाकं सीलच्या कातड्याची, राजदंड नारव्हाल नावाच्या व्हेलच्या दाताचा. १ एप्रिल १९९९ ला तुमच्याच टेरिटरीतून तोडून केलेला प्रदेश. पंचवीस वस्त्या आणि एकालाही बाहेरून रस्ता नाही, एकसुद्धा. जहाज उन्हाळ्यात येतं, तेव्हा वर्षभराचं सामान. माझ्या शेजारणीने तांदळाची पोती जहाजावर मागवली होती आणि तूरडाळ विसरली. वर्षभर तिच्याकडे जेवायला गेलं की मूगच.

इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, प्रश्नोत्तरं ऐकली आहेत. म्हातारे सदस्य एक प्रश्न विचारायला पाच मिनिटं घेतात, आधी हवामान, मग शिकार, मग घरं. पण घरांचा प्रश्न आला की सभागृहात खोकलाही ऐकू येत नाही. एकाच घरात तीन पिढ्या, पाळीपाळीने झोपणारी माणसं सगळ्यांच्या ओळखीची असतात. मंत्र्याच्याही घरची असतात.

हिशेबनीस

२०२३ च्या वणव्यात खर्च कसा मंजूर झाला? तेव्हा सभागृह कुठे बसणार होतं?

उत्तरायण

यलोनाइफमध्ये बसणं शक्यच नव्हतं. १६ ऑगस्टला संध्याकाळी शहर रिकामं करायचा आदेश आला. सुमारे वीस हजार माणसं निघाली, बहुतेक एकाच रस्त्याने, त्यात मीही. गाडीत कागदपत्रं, कुकर आणि शेजाऱ्यांचं मांजर. वाटेत एंटरप्राइज हे गाव लागलं, ते तीन दिवसांपूर्वी जवळपास पूर्ण जळून गेलेलं. धूर इतका की दुपारी दिवे लावून गाड्या चालत होत्या. त्या उन्हाळ्यात टेरिटरीतलं चाळीस लाख हेक्टरच्या आसपास जंगल गेलं. ऑक्टोबरात व्हायची निवडणूकही १४ नोव्हेंबरवर ढकलली.

सभागृह भरलेलं नसताना तातडीचा खर्च विशेष आदेशाने मंजूर करता येतो. आपल्या आकस्मिकता निधीसारखंच, आधी खर्च मग मंजुरी. मंजुरी मागायला आलेले मंत्री आणि विचारणारे सदस्य, दोघांतलेही बरेच त्याच रस्त्याने गाडी हाकून आलेले. त्या प्रश्नोत्तरांची मी नंतर नोंद वाचली. खर्चापेक्षा 'पुढच्या वेळी आधी कधी सांगाल' हेच जास्त होतं.

सदाशिवपेठी

मांजर परत दिलंत का?

उत्तरायण

६ सप्टेंबरला आदेश उठला. मांजर दिलं. ते आता मला ओळखत नाही.

हिशेबनीस

उद्या जाणार का पुन्हा? गेलात तर कोणत्या पानावर किती वेळ लागला ते लिहून ठेवा. रकमेशी ताडून बघा. आम्ही तरुणपणी हाच उद्योग करायचो.

उत्तरायण

गेलो होतो, काका. थर्मासमध्ये चहा घेऊन. सज्जात मी आणि विणकाम करणारी एक आजी.

एका गावच्या विमानतळावरच्या प्रतीक्षागृहातल्या शौचालयावर सव्वीस मिनिटं. सचिवांनी दोनदा माइक ओढला. मंत्र्यांनी एकदा फाइल मिटून साध्या बोलीत उत्तर दिलं आणि सभागृह हसलं. नंतर अध्यक्षांनी पुढचं पान पुकारलं. त्या पानाची बेरीज शौचालयाच्या कितीतरी पट होती. कुणाचा हात वर नाही. चार सेकंद. पुढचं पान.